एक्स्टेन्शन, ट्रॉली आणि बंद कान : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये विमानाच्या कॉकपिटमधले आहेत तसे केबिनमधलेही आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. ड्यूटीचे आणि विश्रांतीचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून आकडा दिला आहे तिथे तो कुणाचा हेही सांगितले आहे. तुमच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमधला आकडा त्याहून कडक असेल तर तोच पाळायचा.

प्रश्न : रात्रीच्या ड्यूटीत तिसऱ्या सेक्टरनंतर, म्हणजे तिसऱ्या उड्डाणानंतर, उशीर होतो. ड्यूटीच्या तासांची मर्यादा ओलांडली जाणार हे दिसत असते आणि तेवढ्यात ऑपरेशन्सचा फोन येतो, "कॅप्टन, एक्स्टेन्शन घेताय ना?" नाही म्हणायचा हक्क कागदावर आहे. तो वापरायचा कसा?

फोनवर लगेच उत्तर देऊ नका. "क्रूशी बोलून दहा मिनिटांत कळवतो," एवढेच सांगा. एक्स्टेन्शन, म्हणजे मर्यादेपुढची वाढीव ड्यूटी, घ्यायची की नाही हे कॅप्टनच्या विवेकावर सोपवलेले असते, आणि विवेक वापरायला दहा मिनिटे तरी हवीत. युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे दोन वैमानिकांच्या क्रूला ही वाढ जास्तीत जास्त दोन तासांची मिळते, तीही अनपेक्षित अडचण आली तरच.

आता क्रूला विचारायचे. "सगळे ठीक ना?" या प्रश्नाला कुणीही "नाही" म्हणत नाही. सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून सुरुवात करा, एकेकाला बाजूला घ्या आणि थकवा मोजणाऱ्या सॅम-पेरेली मोजपट्टीवरचा आकडा विचारा. त्यात 1 म्हणजे पूर्ण ताजेतवाने आणि 7 म्हणजे पार गळून गेलेले. कॅप्टनने स्वतःचा आकडा आधी सांगितला की बाकीचे आपोआप त्याच्या जवळपास येतात, म्हणून स्वतःचा शेवटी.

स्वतःसाठी तीन बेरजा करा. गेल्या 24 तासांत किती झोप झाली? गेल्या 48 तासांत किती? आणि जाग येऊन किती तास झाले, म्हणजे शेवटचे विमान जागेवर लागेल तेव्हा किती झालेले असतील? झोपेच्या अभ्यासकांची एक ढोबळ कसोटी आहे : 24 तासांत 5 पेक्षा किंवा 48 तासांत 12 पेक्षा कमी झोप असेल, किंवा जागरणाचे तास गेल्या 48 तासांतल्या झोपेपेक्षा जास्त होणार असतील, तर चुकांचा धोका वाढतो. सलग 17 तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्याइतकी घसरते, हे 1997 सालीच मोजून दाखवले गेले आहे. त्यात पहाटे 2 ते 6 हा शरीराच्या घड्याळाचा सर्वांत खालचा टप्पा. लँडिंग त्यात येत असेल तर बेरीज जमली तरी हात आखडता घ्या.

नकार द्यायचा ठरला तर शब्द मोजून वापरा. "मला जमणार नाही" हे मत झाले. "मी थकव्यामुळे अनफिट आहे" हे विधान झाले, आणि त्यानंतर तुम्हाला उड्डाणावर पाठवणे ही कंपनीची जोखीम ठरते. थकव्यासाठी आजारपणाची रजा मात्र टाकू नका. बरेच जण भांडण नको म्हणून तसे करतात, आणि मग रोस्टरचा, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाचा, दोष नोंदीत कुठेच उरत नाही.

त्याच दिवशी थकव्याचा अहवाल भरा. त्यात रिपोर्टिंगची वेळ, प्रत्येक सेक्टरची ठरलेली आणि प्रत्यक्ष वेळ, आदल्या दोन रात्रींची झोप, हॉटेलात पोहोचल्याची वेळ, सॅम-पेरेलीचा आकडा आणि फोन कुणाचा किती वाजता आला, एवढे असावे. विशेषणे नकोत. युनियनला अशा अहवालांची प्रत द्या, कारण एकट्या अहवालाला "अपवाद" म्हणता येते. युरोपीय नियमांत तर अशी तरतूद आहे की एखाद्या ड्यूटीत कमाल मर्यादा हंगामातल्या 33 टक्क्यांहून जास्त वेळा ओलांडली गेली, तर कंपनीने वेळापत्रक किंवा क्रूची रचना बदलली पाहिजे. ही टक्केवारी मोजायला कुणी मोकळे बसलेले नसते. ती युनियननेच मोजून टेबलावर ठेवावी लागते.

प्रश्न : कॉकपिटमध्ये आळीपाळीने डुलकी घेणे योग्य की अयोग्य?

आधी ते तुमच्याकडे मान्य आहे का ते पाहा. अनेक देशांत नियंत्रित विश्रांतीला परवानगी आहे, अमेरिकेत दोन वैमानिकांच्या क्रूला नाही. मान्य असेल तर ती क्रूझमध्येच (विमान वर एका उंचीवर स्थिर उडत असताना), काम कमी असताना आणि एका वेळी एकानेच घ्यायची. नासाच्या अभ्यासात वैमानिकांना 40 मिनिटांची संधी दिली होती, त्यात सरासरी 26 मिनिटे झोप लागली आणि पुढची सतर्कता सुधारली. जास्त झोपलात तर गाढ झोपेतून उठवावे लागते आणि डोके जड राहते, म्हणून वेळ 40-45 मिनिटांच्या पुढे नेऊ नका. जाग आल्यावर पूर्ण भानावर यायला 20 मिनिटे ठेवा आणि तेवढी उतरणीच्या आधीच संपू द्या. सीट मागे घ्या, खांद्याचे पट्टे बांधलेले ठेवा आणि केबिनमधल्या सीनियरला सांगून ठेवा, की ठरलेल्या वेळी इंटरकॉमवर विचारपूस करायची. नाहीतर जागा राहिलेलाही डुलक्या घेऊ लागतो, आणि हे घडलेले आहे. हा उपाय अचानक आलेल्या थकव्यावरचा आहे. तो धरून रोस्टर आखले जात असेल तर वरचा अहवाल भरा.

प्रश्न : माझे लँडिंग जरा जोरात झाले. दोन दिवसांनी "सहज गप्पांसाठी" ऑफिसात या, असा निरोप आला. युनियनला बरोबर नेले तर आपणच गुन्हेगार वाटू ना?

सहज गप्पांना तारीख, वेळ आणि तिघे अधिकारी लागत नाहीत. लेखी उत्तर पाठवा, नम्रपणे : बैठकीचा विषय काय, ती सुरक्षिततेसंबंधी आहे की शिस्तभंगाची, कोण हजर असेल, इतिवृत्त कोण लिहील आणि माझा प्रतिनिधी बरोबर असेल. यात वैर काही नाही. संघटित होण्याचा आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1948 आणि 1949 च्या 87 व 98 क्रमांकाच्या करारांत आहे. वैमानिकांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, इफाल्पा, तोही 1948 पासून आहे. बैठकीला प्रतिनिधी नेणे ही या व्यवसायातली जुनी रीत आहे.

खरा प्रश्न त्याआधीचा आहे. विमान जागेवर लागल्यावर तुम्ही टेक्निकल लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, नोंद केलीत का? लँडिंग जोरात झाल्याची शंका आली तरी नोंद करायची असते, कारण त्या नोंदीवरूनच इंजिनिअर लँडिंग गिअर (चाके आणि त्यांचे पाय) तपासतात. पुढचा क्रू न तपासलेले विमान घेऊन गेला आणि रेकॉर्डरमध्ये नंतर आकडा सापडला, तर लँडिंगपेक्षा लपवाछपवीचीच चौकशी होते. तिथे कोणतीही युनियन फारशी मदत करू शकत नाही.

नोंद झाली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. फ्लाइट डेटा तपासण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांत युनियनशी करार करून ठरलेली असते. आकड्याला नाव जोडण्याचा अधिकार फक्त एका विश्वासू वैमानिकाकडे, म्हणजे गेटकीपरकडे असतो. तुमच्या बाबतीत नाव थेट व्यवस्थापनाकडे गेले असेल तर करार मोडला का, हे प्रतिनिधीला आधी विचारू द्या. बैठकीत घडले तेवढे सांगा : वेग, वारा, फ्लेअर (टेकण्याआधी नाक वर उचलणे) कधी सुरू केला, कुणी काय कॉल दिला. "मला वाटते कदाचित" अशी वाक्ये टाळा. ज्याबद्दल खात्री नाही ते डेटा पाहून सांगतो म्हणा. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्या लँडिंगचा एकही विनोद नको, अगदी स्वतःवरचाही.

प्रश्न : साधी सर्दी असताना उडावे का? रजा मागितली की वरिष्ठ हसतात.

कॉकपिटमधल्यांचे आणि केबिनमधल्यांचे कान सारखेच असतात, त्यामुळे उत्तर दोघांनाही लागू आहे. केबिनमधला दाब बहुतेक विमानांत 8000 फुटांपर्यंतच्या उंचीइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण तीन चतुर्थांश होतो. चढताना कानातली हवा घशाकडच्या नळीतून सहज बाहेर पडते, पण उतरताना ती परत आत यावी लागते आणि सुजलेली नळी झडपेसारखी मिटते. म्हणून जाताना काही वाटत नाही आणि उतरताना पडदा ताणला जातो. कपाळाच्या सायनसमध्ये हवा अडकली तर फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात, असताना कुणी भुवईत सुई खुपसावी तशी कळ येते, आणि त्या क्षणी वैमानिक खरोखर निकामी होतो.

कसोटी घरीच घ्या. नाक चिमटीत धरून हलकेच फुंका. दोन्ही कान सुटले पाहिजेत. एक जरी सुटला नाही तरी अनफिट. नाकात स्प्रे मारून जायचे आणि त्याचा असर उतरणीलाच ओसरायचा, हा नेहमीचा घोटाळा आहे. तोंडाने घ्यायच्या बऱ्याच गोळ्यांत झोप आणणारे अँटिहिस्टामिन असते. त्यातल्या डायफेनहायड्रामिननंतर 60 तास उडू नये, असे अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था एफएए सांगते. उड्डाणासाठीची वैद्यकीय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेडिकलच्या दुकानातले काहीही नको. हवेतच कान अडकला तर गिळत राहा, शक्य असेल तर थोडे वर जाऊन पुन्हा हळू उतरा, आणि दुसऱ्या वैमानिकाला लगेच सांगा.

प्रश्न : केबिन क्रूचा फिटनेस वजनकाट्यावर मोजला जातो. प्रत्यक्षात माझी कंबर ट्रॉलीने गेली आहे. फिटनेस म्हणजे नक्की काय?

वजनकाटा चुकीचे उत्तर देतो, कारण प्रश्नच वेगळा आहे. जंपसीटवरून (दाराजवळच्या क्रूच्या घडीच्या सीटवरून) उठून दार उघडता येते का? प्रवाशांना बाहेर काढायची घसरगुंडी आपोआप फुगली नाही तर खालचा हँडल जोरात ओढता येतो का? तोपर्यंत लोंढा अडवून धरता येतो का, धुरात वाकून चालता येते का, अग्निशामक वरून काढता येतो का? विमानाला प्रमाणपत्र देताना निम्म्या दारांतून 90 सेकंदांत सगळे बाहेर पडतील हे दाखवावे लागते. फिटनेसची कसोटी तिथली. एखाद्याचे वजन जास्त आहे पण हे सगळे येते, तर तो फिट.

आता कंबर. क्रूझमध्येही विमानाची जमीन सपाट नसते. नाक साधारण दोन-तीन अंश वर असते, म्हणजे पुढच्या गॅलीकडे (विमानातल्या स्वयंपाकघराकडे) जाणारी भरलेली ट्रॉली चढावर ढकलली जाते, आणि ती शंभर किलोच्या आसपास जाऊ शकते. त्यातच घाई झाली की सर्व्हिस चढतानाच सुरू होते, तेव्हा चढ आणखी वाढतो. ट्रॉली दोघांनी हलवायची, जोर पायांतून ढकलण्याचा हवा, आणि प्रत्येक थांब्याला ब्रेक. कमरेतून वळून मागच्या रांगेला ट्रे देणे हे उचलण्याइतकेच वाईट. पाऊल वळवा. प्रवाशाची बॅग वर ठेवून देणे हे तुमचे काम नाही. टोक धरून दिशा दाखवा, उचलू द्या त्यालाच. वेदना सुरू झाल्या त्या ड्यूटीचा अपघात अहवाल त्याच दिवशी भरा, महिन्याने भरलेला "जुने दुखणे" ठरतो.

केबिन क्रूच्या गंभीर दुखापतींचे मोठे कारण टर्ब्युलन्स. कॅप्टनकडून नुसते "पुढे धक्के आहेत" एवढे ऐकून घेऊ नका. किती मिनिटांनी, किती वेळ, किती जोराचे, हे तिन्ही विचारा. अचानक सुरू झाले तर ट्रॉलीचा ब्रेक, गरम किटली जमिनीवर, आणि जवळच्या रिकाम्या सीटवर पट्टा. सीट नसेल तर जमिनीवर बसून हँडरेस्टचा आधार धरा. जंपसीट गाठण्याच्या नादात हाडे मोडतात.

प्रश्न : टेकऑफच्या वेळी पंखावर काही संशयास्पद दिसले. स्टेराइल कॉकपिटमध्ये फोन करावा का?

करावा, ताबडतोब. स्टेराइल कॉकपिट म्हणजे 10,000 फुटांखाली कॉकपिटला निष्कारण त्रास देऊ नये असा नियम आहे, सुरक्षिततेची माहिती देऊ नये असा नाही. 1989 च्या मार्चमध्ये कॅनडात ड्रायडनला पंखांवर बर्फ साचलेले फोकर विमान टेकऑफनंतर कोसळून 24 जण गेले. बर्फ केबिनमधल्यांना दिसला होता. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ चालू असलेले उजवे इंजिन बंद केले गेले. डाव्या इंजिनाच्या ठिणग्या मागे बसलेल्यांना दिसल्या होत्या, पण कॉकपिटपर्यंत ते पोहोचले नाही. तिथे 47 जण गेले.

सांगताना काय, कुठे, केव्हापासून, याच क्रमाने. आणि एक गंमत जी गंभीर ठरू शकते : जंपसीट मागे तोंड करून असेल तर तुमचा डावा हात विमानाची उजवी बाजू असते. "विमानाची उजवी बाजू, पुढे तोंड करून" असे पूर्ण बोला.

प्रश्न : गरोदर असल्याचे कंपनीला लगेच सांगावे की तीन महिने थांबावे?

लगेच सांगा. उंचीवर अंतराळातले किरण जास्त असतात, ध्रुवांकडच्या मार्गांवर आणखी जास्त. युरोपीय नियमांत कंपनीला कळवल्यापासून प्रसूतीपर्यंत गर्भासाठी 1 मिलिसीव्हर्टची (मिलिसीव्हर्ट हे किरणांच्या मात्रेचे एकक) मर्यादा आहे, पण मर्यादेची मोजणी कंपनीला कळवल्यानंतरच सुरू होते. थांबलेल्या महिन्यांचे किरण कुणी हिशेबात धरत नाही. लेखी कळवा, पोच घ्या आणि जमिनीवरचे काम मागा. पगारातला उड्डाणभत्ता जाईल की राहील, हे आधी युनियनच्या वेतनकरारात पाहून ठेवा.