शाळेत समुपदेशक म्हणून रुजू होताय? आधी सुपरव्हिजन लावून घ्या

पुढच्या कोर्सची फी भरण्याआधी सुपरव्हिजनची, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या केसवर बोलण्याची, सोय करा. पंधरा दिवसांतून एकदा, तासभर, एकच केस. मुलाचं नाव, इयत्ता, चाळीचा पत्ता वगळून. नोंदीत मुलाचेच शब्द लिहा. ‘सकाळी पोटात दुखतं, व्हॅन आली की जास्त’ असं. ‘चिंताग्रस्त’ लिहिलंत की व्हॅन हरवते, आणि खरं कारण कदाचित तिथेच असतं.

‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायदा २०१२, कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलाला समजेल अशा भाषेत सांगा. मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ टेबलावर चिकटवून ठेवा.

प्रशिक्षणाच्या कार्यशाळेला जायचं असेल तर रोल-प्ले, म्हणजे समुपदेशक आणि मूल अशा भूमिका घेऊन सराव, किती तास, ते आधी विचारा. नुसत्या स्लाइड्स असतील तर विरारहून दादर गाठू नका.