निर्णय पेशंट जागा असताना

प्रिय डॉक्टर,

मायट्रलच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेच्या, ऑपरेशनला माझ्यासमोर उभं असताना परवा तू विचारलंस, "सर, आधीच्या इकोत ट्रायकस्पिड एवढी गळत होती, आज कमी कशी?" उजव्या बाजूच्या या झडपेबद्दलचा तुझा प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून निवांत लिहितो.

भूल दिली की हृदयावरचा भार उतरतो आणि गळती लहान दिसू लागते. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, त्या चित्रावर विसंबून झडप दुरुस्त न करता सोडून देऊ नकोस. आदल्या संध्याकाळी पेशंटच्या खाटेशी जा. मानेच्या फुगलेल्या शिरेत ठोक्यागणिक लाट उठते का बघ. उजव्या बरगडीखाली हात ठेव. गळती जोराची असेल तर यकृत हाताला ठोके देतं. मग इको घे. झडपेचं कडं ४० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद झालं असेल, तर गळती थोडी असली तरी मायट्रलबरोबर ही झडपही दुरुस्त करण्याचा विचार कर.

डावी बाजू नीट केली की उजवी आपोआप सुधारते, असं पूर्वी मानत. काहींची सुधारतेही. पण पसरलेलं कडं बऱ्याचदा पसरलेलंच राहतं. काही वर्षांनी तोच पेशंट पोटात पाणी घेऊन परत येतो. तोवर उजवी जवनिका, म्हणजे हृदयाचा उजवा खालचा कप्पा, थकलेली असते, आणि छाती दुसऱ्यांदा उघडणं जिवावरचं होतं.

आता टाक्यांबद्दल. कडं पसरतं ते मुख्यतः पुढच्या आणि मागच्या पाकळीलगत. पडद्यालगतच्या पाकळीजवळ एव्ही नोड, म्हणजे ठोक्याचा विद्युत संदेश खाली पोचवणारी गाठ, आहे; टाक्याने तिला इजा होऊ शकते. म्हणून तर कडं आवळायला शिवतात ती रिंग तिथे उघडी ठेवलेली असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन्ही झडपा दुरुस्त केलेल्यांपैकी १४.१ टक्के पेशंटना दोन वर्षांत पेसमेकर लागला. नुसती मायट्रल केलेल्यांत २.५ टक्के. गळती वाढण्याचं प्रमाण मात्र पहिल्या गटात बरंच कमी होतं. तरीही तो पेसमेकरचा आकडा मला अस्वस्थ करतो, कारण त्यातले काही पेसमेकर टाक्याच्या जागेमुळेच लागले असणार.

मी शक्य तेव्हा महाधमनीवरचा क्लॅम्प (चिमटा) काढून, हृदय चालू ठेवून हे टाके घेतो. ब्लॉक आला, म्हणजे ठोक्याचा संदेश अडला, तर मॉनिटरवर तिथल्या तिथे दिसतो आणि तो टाका लगेच सोडवता येतो. पुढच्या केसला टाके तू घे. मॉनिटरवर नजर मी ठेवतो.

तुझा,
सर