वाचक विचारतात: एकटीने थिबा पॅलेस

प्रश्न: कोल्हापूरहून एकटीने रत्नागिरीचा थिबा पॅलेस एका दिवसात बघून परत येता येईल का? गाडी नाही, एसटीनेच जाणार. – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: येईल, पण सोमवार टाळा, आतलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. अंतर साधारण १३० किमी. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असा रस्ता, म्हणजे एसटीला चार तास धरा. मध्यवर्ती बसस्थानकावरून पहाटेची गाडी पकडलीत तर अकरापर्यंत पोहोचाल. महिलांना तिकीट निम्मं. आधारकार्ड जवळ असू द्या. पावसाळ्यात घाटात धुकं दाटतं, दरडी येतात आणि गाडी तास-दोन तास सहज लांबते. तेव्हा सरळ मुक्कामच करा. रत्नागिरीत उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर विचारा. नेमकं हेच राहून जातं आणि संध्याकाळी धावाधाव होते.

स्टँडवरून रिक्षा करा, भाडं आधी ठरवून. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी इंग्रजांनी १९१० मध्ये हा वाडा बांधला. राजा १९१६ मध्ये इथेच वारला. दालनांतल्या मूर्तींपेक्षा अर्धगोल लाकडी खिडक्यांवरचं कोरीवकाम निवांत बघा; आमच्या मते खरी गंमत तिथेच. दीड तास पुरतो. वाडा उंचावर आहे, अगदी किनाऱ्यावर नाही. खाडी आणि समुद्र बघायला जवळच्या थिबा पॉइंटवर जा. सूर्यास्ताचा मोह मात्र मुक्काम असेल तरच.