वाचकांचे प्रश्न : पिंपळावरचा साक्षीदार

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलीमुळे मला भुते, चेटकिणी आणि बोलकी मांजरे असलेल्या हलक्याफुलक्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांची गोडी लागली आहे. मात्र बाईला चेटकीण ठरवून छळणाऱ्या सातपुड्यातील डाकीण प्रथेविरुद्ध मी बरीच वर्षे गावोगाव बोलत आले आहे. ‘दिवसा भूत नाही म्हणता आणि रात्री भुतांच्याच गोष्टी वाचता,’ असे सहकारी म्हणतात, ते मनाला लागते. दुसरी शंका अशी की, भूतच साक्ष द्यायला येणार असेल तर तपासाला उरते काय? आणि मुलीने यांतले काय वाचावे?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, आपली दुसरी शंका मी आधी घेते, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातूनच निघते. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधील धर्मगुरू स्वतः रहस्यकथाही लिहीत. १९२९ साली त्यांनी या प्रकारासाठी दहा नियम घालून दिले आणि त्यांतल्या दुसऱ्याच नियमाने अतिमानवी शक्तींना दार बंद केले. त्यांची धास्ती रास्त होती. शेवटच्या प्रकरणात ‘हे सारे भुताने केले’ असे सांगून लेखक मोकळा झाला, तर दोनशे पाने डोके चालवणाऱ्या वाचकाची ती सरळ फसवणूक ठरते. परंतु भूत पहिल्याच प्रकरणात भेटले, त्याला काय जमते आणि काय जमत नाही हे तिथेच सांगितले गेले आणि पुढे लेखकाने तो शब्द मोडला नाही, तर ते भूत म्हणजे गावातला आणखी एक साक्षीदार होते. तोही घाबरतो, विसरतो, प्रसंगी खोटे बोलतो. अमेरिकन लेखक रँडल गॅरेट यांनी लॉर्ड डार्सी या गुप्तहेराच्या कथांत हे फार चांगले साधले आहे. तिथे जादू ही नियमांनी बांधलेली विद्या आहे. जादूगार पुराव्यांची तपासणी करतो, पण गुन्हेगारापर्यंत पोचण्यासाठी डार्सीला तर्कच लढवावा लागतो.

आपल्याकडचा मुंजा घ्या. यावलकडच्या एखाद्या केळीच्या मळ्यात विहिरीच्या पश्चिमेला पिंपळ आहे, त्यावर मुंजा राहतो आणि पिंपळाची सावली जिथवर पडते तिथवरच त्याची नजर पोचते, असा नियम लेखकाने सुरुवातीलाच सांगून टाकला, असे समजू. एके दिवशी विहिरीवरची मोटार चोरीला जाते आणि गावातला भगत अंगात आणून सांगतो की, सकाळी न्याहारीच्या वेळी मुंजाने अमक्या बाईला विहिरीपाशी पाहिले. सकाळी सावली पश्चिमेकडे पडते आणि विहीर तर झाडाच्या पूर्वेला आहे. त्या वेळी मुंजाला विहीर दिसणे शक्यच नव्हते. ज्या वाचकाच्या हे ध्यानात आले, त्याने चोराच्या दिशेने पहिले पाऊल टाकले.

आता सहकाऱ्यांच्या बोलण्याकडे वळू. या गोष्टीत भगत उघडा पडतो, तो भुताच्या नावावर सांगितलेली गोष्टही कोणीतरी पारखून पाहिली म्हणून. एखाद्या बाईला डाकीण ठरवणाऱ्यांना नेमके हेच नको असते. तिथे नियम कोणी सांगत नाही, पुरावा मागण्याची सोय नसते आणि निकाल मात्र आधीच लागलेला असतो. मग मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हा अशा क्रौर्याविरुद्ध आहे, गोष्टीविरुद्ध नाही. म्हणून रात्री असे पुस्तक वाचताना आपण दिवसाच्या कामाशी बेइमानी करत नाही, असे मी पूर्ण विश्वासाने सांगते.

तरीही वर्गात एक काळजी घ्यावी. या इंग्रजी कादंबऱ्यांतील ‘विच’ बहुधा चहाचे किंवा पुस्तकांचे दुकान चालवणारी, सगळ्यांना हवीहवीशी नायिका असते. तिची गोष्ट मुलांना सांगताना ‘डाकीण’ हा शब्द कृपया वापरू नये. धडगाव किंवा अक्कलकुव्याकडून आलेल्या एखाद्या मुलीच्या घरात तो शब्द खराच बोलला गेलेला असू शकतो आणि तिला त्यात हसण्यासारखे काही दिसणार नाही.

तर्क आणि भूत यांची सोयरीक आपल्याकडे जुनीच आहे. वेताळपंचविशी ही अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात आलेली आहे आणि मागच्या पिढ्यांनी ती ‘चांदोबा’तून वाचली. प्रेताच्या आश्रयाने राहणारा वेताळ कोडे घालतो, राजा विचार करून उत्तर देतो आणि वेताळ पुन्हा झाडावर जातो. भुताने प्रश्न विचारावा आणि माणसाने बुद्धीने उत्तर द्यावे, ही मांडणी आपल्याला कोणाकडून उसनी घ्यावी लागलेली नाही. पुढे नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला उत्तम भय दिले. भुताच्या सहवासात खुदकन हसू येईल अशा लेखनाचे दालन मात्र मराठीत अजून रिकामेसे आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुलीने ऑस्कर वाइल्ड यांच्या १८८७ सालच्या ‘द कँटरव्हिल घोस्ट’पासून सुरुवात करावी. तीनशे वर्षे भल्याभल्यांना घाबरवणाऱ्या भुताला नव्याने राहायला आलेला घरमालक साखळ्यांचा आवाज होतो म्हणून तेलाची बाटली देतो; एका बैठकीत वाचून होते. नंतर टेरी प्रॅचेट यांच्या शहर पहारेकऱ्यांच्या कादंबऱ्या, त्यातही ‘फीट ऑफ क्ले’, कारण तिच्यातला विषप्रयोगाचा तपास अगदी चोख आहे. शार्लेन हॅरिस यांची २००१ साली सुरू झालेली सूकी स्टॅकहाउसची मालिका हलकीफुलकी म्हणून अनेकदा सुचवली जाते, पण तिच्यात शरीरसंबंधांची वर्णने आहेत. ती आपण वाचावी. नववीतल्या मुलीसाठी थोडी थांबवावी.

प्रश्न : अशा मालिका पहिल्या भागापासूनच वाचल्या पाहिजेत का? ग्रंथालयात मधलेच भाग हाती लागतात.
– एक सेवानिवृत्त वाचक, भुसावळ

उत्तर : रहस्य दर भागात संपत असेल तर मधूनही सुरुवात करता येते. प्रॅचेट यांच्या डिस्कवर्ल्ड या कल्पित जगाच्या (वर सांगितलेले शहर पहारेकरी याच जगातले) ४१ कादंबऱ्या आहेत आणि १९८३ सालच्या पहिल्या कादंबरीपेक्षा १९८९ च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून सुरुवात करणे मला अधिक बरे वाटते. सूकीचे १३ भाग मात्र क्रमानेच घ्यावेत, कारण माणसांची नाती भागागणिक बदलत जातात.

प्रश्न : मला अशी कादंबरी खानदेशात घडवायची आहे. भुताने अहिराणी बोलावे का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, धुळे

उत्तर : अवश्य बोलावे, पण ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हटले म्हणून हसू यावे, अशा बेताने नको. विनोद त्याच्या हट्टातून, मानापमानातून, जेवणात भरीत झाले की त्याच्या होणाऱ्या तगमगीतून येऊ द्या. बंद घरातल्या रहस्यासाठी माणसे एका छपराखाली आणावी लागतात आणि लेखक त्यासाठी वादळे नाही तर पूर आणतात. तुम्हाला त्याची गरज नाही. श्रावणातल्या कानबाई देवीच्या उत्सवाला दूरदूरची भाऊबंदकी आपणहून एका घरी जमते, रात्रभर जागरण चालते आणि विसर्जन होईपर्यंत कोणी निघत नाही. अनेक घरांत नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या पुरुषांमागे मुठी मोजतात. मोजणाऱ्या आजीचा हिशेब यंदा एका माणसाने जास्त भरला आणि तरीही तो चुकलेला नाही असे ती ठासून सांगू लागली, तर तुमचे पहिले प्रकरण तयार आहे.