थोरले, सवाई की दुसरे? एकाच नावाचे पेशवे कसे लिहावेत

‘पहिले बाजीराव’ लिहावे की ‘थोरले बाजीराव’, आणि माधवराव नावाचे दोन पेशवे होऊन गेले असताना त्यांतील धाकट्यांना ‘सवाई’ का म्हणतात, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘पहिले’ आणि ‘थोरले’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. मात्र दोन्ही मागाहून चिकटलेली आहेत, कारण दुसरा कोणी त्याच नावाचा झाल्याशिवाय कोणी पहिला किंवा थोरला ठरत नाही. हयातीत ओळख होती ती वडिलांच्या नावाने. बाजीरावांच्या मुद्रेवर ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असा मजकूर आहे, आणि त्यातील ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजी, अर्थात वडील बाळाजी विश्वनाथ. १७९६ मध्ये गादीवर आलेले बाजीराव हे बाजीराव रघुनाथ; तसेच थोरले माधवराव म्हणजे माधवराव बल्लाळ आणि सवाई म्हणजे माधवराव नारायण. इतिहासविषयक लेखनात एकदा तरी असे पूर्ण नाव द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण त्याने घोटाळ्याला जागाच उरत नाही.

नावे पुन्हा पुन्हा का येतात, याचे उत्तर आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीत आहे. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला नातू बाळाजी झाला. दुसरे बाजीराव हेही थोरल्या बाजीरावांचे नातूच. सवाई माधवरावांना मात्र चुलत्याचे, म्हणजे थोरल्या माधवरावांचे, नाव मिळाले. त्यांचे वडील नारायणराव यांचा खून ऑगस्ट १७७३ मध्ये झाला आणि हा मुलगा एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मला. ‘सवाई’ म्हणजे सव्वापट, आधीच्याहून सरस. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला वारलेल्या त्या कर्त्या पेशव्याची उणीव हा मुलगा भरून काढील, ही आशा त्या उपपदात मला स्पष्ट दिसते. म्हणून तेथे ‘दुसरे’ हा शब्द व्याकरणाने चालला तरी कोरडा वाटतो.

‘नानासाहेब पेशवे’ एवढेच लिहिणे सर्वांत धोक्याचे आहे. पानिपतानंतर १७६१ मध्ये पर्वतीवर निधन पावलेले बाळाजी बाजीराव आणि १८५७ च्या उठावातील, दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र धोंडोपंत, हे दोघेही त्याच नावाने ओळखले जातात. येथे ‘पहिले-दुसरे’ रूढ नाही. तेव्हा ‘बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब’ आणि ‘१८५७ चे नानासाहेब’ असे लिहावे.

विभक्ती लावताना विशेषणाचेही सामान्यरूप करावे: ‘थोरल्या बाजीरावांनी’, ‘दुसऱ्या बाजीरावांना’. ‘पहिले बाजीरावांनी’ हे अलीकडे वारंवार दिसणारे रूप चुकीचे आहे. ‘सवाई’ मात्र बदलत नाही, म्हणून ‘सवाई माधवरावांचा’ असेच लिहावे.