नवीन ट्रॅक्टरची लिफ्ट भरल्या नांगराला उचलत नाही, डीलर महिनाभर 'उद्या मेकॅनिक पाठवतो' म्हणतोय. काय करावं?

तुमचा ट्रॅक्टर वॉरंटीत आहे, हे धरून सांगतो.

डीलर टाळाटाळ का करतो ते आधी समजून घ्या. त्याची मुख्य कमाई विक्रीतून. वॉरंटीचं काम बहुतेक ठिकाणी त्याने आधी करायचं आणि पैसे नंतर कंपनीकडे क्लेम करून घ्यायचे. क्लेम नामंजूर झाला तर भुर्दंड त्याच्यावर. त्यात हाताखाली तयार झालेले मेकॅनिक टिकत नाहीत, आणि जून-ऑक्टोबरच्या घाईत दोन माणसांवर अख्खा तालुका असतो. म्हणून 'लिफ्ट चालत नाही' एवढ्याच तक्रारीचा नंबर शेवटी लागतो. बिघाड नेमका सांगितला तर मेकॅनिक योग्य सामान घेऊन येतो आणि क्लेमही अडकत नाही.

त्यासाठी एवढं तपासा. ट्रॅक्टर सपाट जागी, लिफ्ट खाली, इंजिन बंद, मग डिपस्टिकवर तेल पाहा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, फेसाळलं तर पंप हवा ओढतोय किंवा तेल चुकीच्या ग्रेडचं आहे. डंपिंग ट्रॉलीसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवला असेल तर त्याचा लिव्हर पाहा. तेल ट्रॉलीकडे वळवलेलं राहिलं की लिफ्ट मेल्यासारखी वागते. ड्राफ्टचा (नांगराच्या ओढीनुसार खोली सांभाळणारा) आणि पोझिशनचा (अवजाराची उंची ठरवणारा) लिव्हर पुस्तिकेत दिलाय तसा आहे ना, तेही बघा.

आता लक्षणं. रिकामी उचलते पण पल्टी नांगर लावला की थांबते: रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा), पंप किंवा तुंबलेला स्ट्रेनर (तेल गाळणारी जाळी). थंडपणी उचलते आणि तासाभराने ढिली पडते: आतली गळती, बहुधा पंप झिजलेला. वर राहते पण इंजिन बंद करताच खाली बसते: सिलिंडरचं सील किंवा ओ-रिंग. नांगराचं वजन तुमच्या मॉडेलच्या उचल क्षमतेत बसतं का, हेही पडताळा, कारण डीलर पहिला मुद्दा तोच काढेल. वॉरंटीत असताना गावच्या मिस्त्रीकडून काहीही उघडू नका. 'बाहेर उघडलं' हे क्लेम नाकारायला आयतं कारण होतं. तसंच 50 तासांची पहिली सर्व्हिस चुकलेली असली तरी अडचण येते, तेव्हा सर्व्हिस बुकवरचे शिक्के तपासा.

मग तोंडी बोलणं बंद करा. शोरूममध्ये जॉब कार्ड, म्हणजे तक्रारीची लेखी नोंद, बनवून घ्या आणि त्यावर तारीख, अवर मीटरचं (इंजिन किती तास चाललं त्याचं) रीडिंग व वरचं लक्षण तुमच्या शब्दांत लिहायला लावा. प्रत मागा. फोनवर नांगर न उचलल्याचा व्हिडिओ काढा, त्यात मीटर दिसू द्या. त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या आणि एरिया सर्व्हिस मॅनेजरचा नंबर मागा. डीलरवर खरा दाब त्याचाच असतो. शेजारच्या तालुक्यातला अधिकृत डीलर वॉरंटीचं काम करेल का, हेही या मॅनेजरलाच विचारा. बऱ्याच कंपन्यांत चालतं.

तरीही हललं नाही तर डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा: चेसिस व इंजिन नंबर, खरेदीची तारीख, जॉब कार्डच्या तारखा आणि 15 दिवसांची मुदत. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं. ट्रॅक्टर 5 ते 10 लाखांचा असेल तर फी 200 रुपये. 'व्यापारी वापर' हा समोरच्या वकिलाचा ठरलेला आक्षेप असतो, म्हणून ट्रॅक्टर पोटापाण्याच्या शेतीसाठी घेतला हे दाखवायला सातबारा जोडा.

या सगळ्यात रागाच्या भरात हप्ते मात्र थांबवू नका. कर्जाचा करार फायनान्स कंपनीशी आहे, डीलरशी नाही. हप्ते थकले तर ती ट्रॅक्टर ओढून नेऊ शकते.