नवी गाडी घेतली? आधी टायर बघा

भाऊ, लायसन्स मिळालं, गाडी दारात आली, मनापासून अभिनंदन! सीट कव्हर, मोठा स्क्रीन हे सगळं नंतर. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून पहिलं लक्ष टायरकडे द्या.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नका. "उन्हाळा आहे, कमीच ठेवा" असं कोणीतरी सांगेलच. ऐकू नका! कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्यामुळे जास्त तापतो आणि वेगात फुटतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, पण हात बसेपर्यंत तिकडे नकोच. रविवारी पहाटे अंबाझरीकडे सराव करा.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- इंजिन तापलं की लगेच रेडिएटरचं झाकण उघडणं. उकळतं पाणी उसळतं; माझा हात पोळलाय. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या.
- क्लचवर पाय ठेवून चालवणं. प्लेट लवकर झिजते.
- स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, विसरणं.

या रविवारी घरासमोरच एकदा चाक बदलून बघा. नट जॅक लावायच्या आधी थोडे सैल करायचे, गाडी उचलल्यावर नाही.